घरात कॅन्सर निघाला तर: आधी कागद, मग माणसं, वावर विकायचं सगळ्यात शेवटी

मी यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. आमच्या घरात माझ्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, गालाचा कॅन्सर झाला होता. त्यानंतर आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या पुष्कळ पेशंटांसोबत सावंगीला, सेवाग्रामला, नागपूरला दवाखान्यांत जाणं झालं. दर वेळी एकच पाहिलं. रिपोर्ट हातात पडला की घरचे पैशाच्या मागे धावतात. कोणी सावकाराच्या दारात उभा राहतो, कोणी बैलजोडीचा सौदा करतो, कोणी घाईघाईत वावराची इसारपावती करून मोकळा होतो. आणि दवाखान्याच्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो तो राशन कार्डाचा. कार्डावर पेशंटचं नाव नसतं, किंवा आधारवर एक आणि कार्डावर दुसरं असतं. घरात पैसा असूनही इलाज अडतो.

म्हणून हे लिहिते आहे. पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचं आणि पुढे घर कसं चालवायचं, तेवढंच.

तुकडा काढायला भिऊ नका

आमच्या भागात तोंडाचा कॅन्सर जास्त दिसतो. कारण सगळ्यांना माहीत आहे, खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ती पुडी दिवसभर गालात असते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पहिल्यासारखं न उघडणं, तिखट एकदम झोंबायला लागणं, मानेला गाठ, यातलं काहीही असलं तर थांबायचं नाही. बायांमध्ये स्तनातली न दुखणारी गाठ आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं, या दोन गोष्टी लपवल्या जातात. गाठ दुखत नाही म्हणून "होऊ दे वेचणी, मग पाहू" असं म्हणत कापसाचा सिझन निघून जातो. दुखत नाही म्हणून बिनधोक, हा समज डोक्यातून काढा.

डॉक्टर बायोप्सी करायला म्हणजे तुकडा तपासायला सांगतात तेव्हा अर्धं गाव अडवायला येतं. "माय वो, तुकडा काढला का पसरते म्हणतात." डॉक्टरांनी सांगितलेल्या जागेचा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकड्याशिवाय कॅन्सर आहे की नाही आणि असला तर कोणत्या जातीचा, हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय कोणताही चांगला डॉक्टर औषध सुरू करत नाही. ज्यांना वाटतं की तुकडा काढल्यावर पसरला, त्यांचा आजार बहुतेक वेळा आधीच वाढलेला असतो, कळतो तुकड्यानंतर.

झाडपाल्याच्या औषधाचंही इथंच सांगते. गाड्या भरून लोक दूरदूरच्या वैद्यांकडे जातात. कोणाच्या श्रद्धेवर मला बोलायचं नाही. पण सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा किंवा स्तनाचा कॅन्सर ऑपरेशनने बरा होऊ शकतो, आणि काढा पिण्यात गेलेले तीन-चार महिने पुन्हा मिळत नाहीत. केमो सुरू असताना काढा, भस्म, कसलीही पुडी डॉक्टरला न सांगता घेऊ नका. लिव्हरवर, किडनीवर दुहेरी भार पडतो.

कागद: एक पिशवी, एक माणूस

चेनची प्लास्टिकची एक पिशवी घ्या. त्यात पेशंटचं आधार कार्ड, राशन कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, दोन-चार फोटो आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद तारखेने लावून ठेवा. बायोप्सीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड हे सोन्यासारखे जपायचे, त्यांच्या तीन-तीन झेरॉक्स करायच्या आणि मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवायचे. सोनोग्राफी, सीटी स्कॅनच्या फिल्मा दुमडायच्या नाहीत. बायोप्सीचे ब्लॉक आणि काचा लॅबमध्ये असतात. दुसऱ्या दवाखान्यात जायचं झालं तर ते मागून घेता येतात, पुन्हा तुकडा काढायची वेळ बहुधा येत नाही.

ही पिशवी घरातल्या एकाच माणसाकडे राहील. बारावी शिकलेली पोरगी असेल तर तिच्याकडे द्या. आमच्या घरी माझ्या पुतणीकडे होती आणि कोणता कागद कुठे आहे हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

पहिल्या आठवड्यात राशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून पाहा. नव्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, म्हाताऱ्या माणसाच्या नावात एखादं अक्षर कमी-जास्त असतं. हे काम तहसीलच्या पुरवठा शाखेत होतं. गावातल्या सेतू केंद्रावर विचारा, आशेला सांगा, सरपंचाला सोबत न्या. यात दोन दिवस गेले तर जाऊ द्या, पुढचे महिने वाचतात.

आता योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही आता आपल्या राज्यात एकत्र चालतात आणि एका कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन, ज्याला आपण शेक म्हणतो, तिन्ही त्यात येतात. पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांनाच मिळायचं, आता पांढऱ्या कार्डावरही मिळतं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. डॉक्टरच्या केबिनच्या आधी त्या टेबलावर जा. कोणती तपासणी योजनेत बसते आणि कोणती नाही, हे पैसे भरायच्या आधी त्यालाच विचारायचं. योजनेची मंजुरी यायच्या आधी कोणी डिपॉझिट भरा म्हणालं तर कशाचं, ते विचारा आणि पावती घ्या. अडचण आली तर 155388 वर फोन लावता येतो, आयुष्मानसाठी 14555 आहे.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीत अर्ज करता येतो. त्याला डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि मंजूर झालेली रक्कम थेट दवाखान्याच्या खात्यात जाते. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांमध्ये कायद्याने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही गोष्ट कोणी आपणहून सांगायला येत नाही. "समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात?" एवढं वॉर्डात विचारा. तो माणूस किंवा ती बाई धर्मादाय खाटांपासून ट्रस्टच्या मदतीपर्यंत रस्ते सांगते. आमच्या खेड्यातली माणसं मोठ्या दवाखान्यात दबून बोलतात, हात जोडून उभी राहतात. विचारायला लाजू नका, हा तुमचा हक्क आहे.

पेशंट कमावता होता आणि घरात दुसरी मिळकत नाही, अशा गरीब घरांनी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. कॅन्सरचा रुग्ण त्यात बसतो, महिन्याला 1500 रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्नाची अट 21 हजारांची आहे, त्यामुळे तलाठ्याकडून उत्पन्नाचं काम नीट करून घ्या.

कुठे जायचं

सगळ्यांना मुंबईच आठवते, टाटा. टाटा मोठा दवाखाना आहे यात वाद नाही. पण रेडिएशन आठवड्याला पाच दिवस आणि तोंडाच्या कॅन्सरला सहा-सात आठवडे चालतं. तेवढे दिवस मुंबईत राहायचं म्हटलं तर योजनेतून इलाज फुकट होऊनही माणूस खोलीभाड्यात आणि खाण्यात बुडतो. टाटाच्या पुढाकाराने 2012 मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, त्यात देशभरातले दवाखाने एकाच पद्धतीच्या उपचारासाठी जोडले आहेत. म्हणून माझं म्हणणं असं की आधी विदर्भातच दाखवा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी मेघेचा दवाखाना आहे, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना, आणि एम्स आहे. ज्यांच्या नावाचं ते रुग्णालय आहे, त्या तुकडोजी महाराजांचाही आजार कॅन्सरच होता, 1968 मध्ये ते त्यातच गेले. मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, जाणारे आमचे कितीतरी लोक हे ऐकून गप्प होतात. संत माणसालाही झाला, म्हणजे हा कोणाच्या पापाचा हिशेब नाही, एवढं त्यांच्या मनात येतं आणि ते फार कामाचं असतं.

मुंबईला पाठवलंच, किंवा दुर्मिळ जातीचा कॅन्सर असला, तर जा. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथं राहतात. बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. लहान लेकराला कॅन्सर असेल तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था मायबापासकट राहायची मोफत सोय करते. तिथली जागा टाटाच्या डॉक्टरांकडून आणि समाजसेवा विभागातून मिळते, म्हणून त्यांनाच आधी विचारा. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि व्ही केअर या मुंबईच्या संस्था औषधं, सल्ला आणि धीर देण्याचं काम करतात. इंडियन कॅन्सर सोसायटीची हेल्पलाइन 1800 22 1951 आहे.

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला इलाजासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्यात 75 टक्के सूट आहे. त्यासाठी दवाखान्याच्या डॉक्टरांची सही असलेला रेल्वेचा ठरलेला नमुना लागतो. पहिल्या भेटीतच तो भरून घ्या आणि तिकीट खिडकीवरून काढा. बडनेरा, धामणगाव, वर्धा यातलं जे स्टेशन जवळ पडेल तेच त्या नमुन्यावर लिहायला सांगा. एसटीतही कॅन्सरच्या पेशंटला सवलत आहे, आणि बायांना 2023 पासून अर्धं तिकीट आहेच.

माणसांची वाटणी

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते हे. कॅन्सरचा इलाज सहा-आठ महिने चालतो, कधी वर्षभर. एकट्या बायकोच्या किंवा एकट्या मोठ्या पोराच्या अंगावर तो टाकला तर ते माणूस मध्येच बसतं. मग तारीख चुकते, शेक अर्धा राहतो. माझ्या पाहण्यात पैशाअभावी जितके इलाज सुटले त्यापेक्षा जास्त सोबत जायला माणूस नाही म्हणून सुटले. मृग लागला की पेरणी, दसऱ्यापासून वेचणी, मध्ये फवारणी आणि निंदण. कास्तकाराच्या घरात रिकामं कोणीच नसतं.

म्हणून रिपोर्ट आल्यावर आठ दिवसांच्या आत एक बैठक घ्या. ओसरीवर, संध्याकाळी, जेवणं झाल्यावर. भाऊ, भाचे, जावई, शेजारी, बचत गटातली एखादी बाई, सगळ्यांना बोलवा. नुसतं "काही लागलं तर सांगा" म्हणून कोणाला उठू देऊ नका. प्रत्येकाकडे काम द्या. आमच्याकडे असं ठरलं होतं: पिशवी पुतणीकडे. दवाखान्यात मुक्कामी आमचे हे आणि धाकटे भाऊजी आलटून-पालटून. वावर आणि ढोरं चुलतसासऱ्यांकडे. वेचणीला बचत गटाच्या बाया इर्जिकीने, म्हणजे मजुरी न घेता मदतीला, आल्या. पोरांचं शाळेचं आणि डब्याचं जाऊबाईकडे. मामाजींचं ताट आणि औषधं माझ्याकडे. आणि पाहुण्यांना फोनवर खबर द्यायचं काम एका भाच्याकडे, कारण दिवसातून पंधरा जणांना तेच तेच सांगून घरचं माणूस थकून जातं.

रक्ताची गरज पडते तेव्हा दवाखाना बदली रक्तदाते मागतो. गणपती मंडळाच्या पोरांची रक्तगटासह यादी आधीच करून ठेवा.

बाई आजारी पडली की वाटणीचं गणित बिघडतं, कारण जी सगळ्यांचं करते तिचंच करायला कोणी नसतं. अशा वेळी तिच्या माहेरी पहिला फोन करा. मानपान बाजूला ठेवून तिच्या आईला, बहिणीला दोन महिने आणून ठेवा. आणि केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिला चुलीपुढे बसवू नका. नवऱ्याने भाकर थापली तर गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

सोबतच्या माणसाचंही पाहा. दवाखान्यात जमिनीवर सतरंजी टाकून झोपणारा, बिस्किटावर दिवस काढणारा माणूस आठ दिवसांत आजारी पडतो. त्याच्या जेवणाचे पैसे वेगळे द्या आणि ठरल्या दिवशी त्याला बदला.

पैशाची वही याच बैठकीत सुरू करा. योजनेतून इलाज झाला तरी येणं-जाणं, राहणं, खाणं, बाहेरची एखादी तपासणी आणि बुडालेली रोजी हा खर्च उरतोच. त्यासाठी आधी बचत गटाचं कर्ज पाहा, व्याज कमी पडतं. मग सोनं गहाण ठेवायचं ते बँकेत. सावकार आणि वावर शेवटी. ज्याच्या नावावर सातबारा आणि पीककर्ज आहे तोच पेशंट असेल तर ऑपरेशनच्या आधी बँकेत जाऊन खातं जोडीने करून घ्या, वारसाचं नाव लावा. हे बोलायला जड जातं, "आत्ताच काहून मरणाच्या गोष्टी काढता?" असं कोणी म्हणेल. पण पेशंट आयसीयूत आणि बियाण्याचे पैसे त्याच्या एकट्याच्या खात्यात अडकलेले, असं घर मी पाहिलं आहे. मरणाशी याचा संबंध नाही, पेरणीशी आहे.

पेशंटला सांगायचं का?

आमच्याकडे बहुतेक घरं लपवतात. "त्याले सांगू नका, हाय खाईल तो." मी लपवायच्या विरोधात आहे. मामाजींना आम्ही नुसती गाठ आहे म्हणून नेलं होतं. कॅन्सर हॉस्पिटलची पाटी त्यांना वाचता येत होती. ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही नाही. एकाच बाकावर बसून सगळे खोटं धरून होतो. मग डॉक्टर बाईंनीच त्यांच्याजवळ खुर्ची ओढली, "बाबाजी, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?" असं विचारलं आणि ते म्हणाले, "तेच झालं बाई, जे खर्रा खाणाऱ्याले होते." त्यानंतर त्यांनी स्वतःच विचारायला सुरुवात केली: किती दिवस लागतील, बोलता येईल का, वावराचं काय. तो पहिला दिवस होता जेव्हा ते पोटभर जेवले.

सांगायची रीत हीच. आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारा. जेवढं विचारतील तेवढंच सांगा, पण खोटं सांगू नका. तारीख देऊ नका, इतके महिने आणि तितके महिने. पुढे काय करायचं आहे ते मात्र नक्की सांगा, उद्या काय, परवा काय. लेकरांनाही त्यांच्या वयाप्रमाणे सांगा. त्यांना वाटतं आपल्यामुळे झालं, किंवा आपल्याला लागेल.

कॅन्सर लागत नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, जवळ झोपल्याने लागत नाही. पेशंटचा गिलास वेगळा करू नका. मशीनचा शेक घेऊन आलेल्या माणसाच्या अंगातून किरणं बाहेर पडत नाहीत, नातवाला खुशाल मांडीवर देऊ शकता. आजारापेक्षा हा वेगळा गिलास जास्त लागतो माणसाला.

भेटायला येणाऱ्यांनी रडू नये, आणि "आमच्या गावातला एक असाच गेला" ही गोष्ट तर दारातच सोडून यावी. पेशंट गप्प राहायला लागला, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागला तर ते मनावर घ्या. फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. 14416 हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, फुकट नंबर आहे, मराठीतून बोलता येतं, रात्रीही लागतो. सांभाळणाऱ्यानेही त्यावर बोलावं.

ताट, नळी आणि तोंड

शेकामुळे तोंड सोलून निघतं. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा टाकून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरायला लावा, गिळायचं नाही. ठेचा, तिखट, लोणचं बंद. वऱ्हाडी माणसाला हे इलाजापेक्षा अवघड जातं, पण ऐकावं लागतं. ज्वारीच्या कण्या ताकात मऊ शिजवून, मुगाचं पातळ वरण आणि भात, साय न काढता साईसकट दूध, उकडलेलं अंडं कुस्करून, डाळ्याचं पीठ दुधात. या दिवसांत पथ्य म्हणून अंडं, दूध, तेल तोडू नका. वजन टिकलं तर शेक पूर्ण होतो.

गालावर, मानेवर शेकासाठी पेनाने खुणा केलेल्या असतील तर त्या पुसायच्या नाहीत. त्या जागी साबण, तेल, हळद, पावडर काही लावायचं नाही, वस्तऱ्याने दाढी करायची नाही. शेक सुरू व्हायच्या आधी दाताच्या डॉक्टरला दाखवून खराब दात काढून घ्या, नंतर काढायला धोका असतो.

नाकातून पोटात नळी टाकली की घरचे घाबरतात. ती सांभाळता येते. पेशंटला बसवायचं, निदान पाठीला गाद्या लावून अर्धं बसतं करायचं, आडवं पाजायचं कधीच नाही. हात धुवा. नाकपुडीजवळ नळीवर पेनाने केलेली खूण जागेवर आहे का पाहा, सरकलेली दिसली तर काही टाकू नका, दवाखान्यात फोन करा. आधी थोडं पाणी. मग दुहेरी फडक्यातून गाळलेलं कोमट वरण, दूध किंवा आंबील मोठ्या सिरिंजमध्ये ओता आणि सिरिंज उंच धरा. दट्ट्या दाबायचा नाही, आपोआप उतरू द्या. मामाजींना एका वेळी साधारण गिलासभर, दर दोन-तीन तासांनी मी द्यायची. मध्ये खोकला आला, श्वास लागला तर लगेच थांबायचं. शेवटी पुन्हा पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. त्यानंतर अर्धा-पाऊण तास बसूनच ठेवायचं. गोळ्या कुटून द्यायच्या असतील तर कोणती कुटायची आणि कोणती नाही हे विचारून घ्या.

तोंड आखडलं असेल तर व्यायाम सांगतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या स्वच्छ धुऊन एकावर एक ठेवायच्या, दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एक काडी वाढवायची. मामाजी ओसरीवर बसून हे करायचे आणि नातू मोजायचा. ऑपरेशननंतर कधी सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतील.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला जपा. त्या हातावर सुई, सलाईन, बीपीचा पट्टा लावू देऊ नका. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम रोज करा. कापूस वेचताना बोंडाची टोकं हाताला ओरखडतात, म्हणून पुन्हा वावरात जायला लागल्यावर लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला, डोक्यावर ओझं घेऊ नका. हात सुजला, लाल झाला तर लगेच दाखवा.

ताप आणि दुखणं, या दोन गोष्टींत उशीर नको

केमोनंतर सात ते चौदा दिवसांत अंगातली प्रतिकारशक्ती सगळ्यात खाली जाते. घरात थर्मामीटर ठेवाच. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप दिसला, थंडी वाजली, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना. गाडीवाल्याचा नंबर आधीच ठरवून ठेवा, 108 ला फोन लावा आणि केमो सुरू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. याच दिवसांत पाणी उकळून द्या, कच्चं सलाड आणि बाजारातलं उघडं खाणं बंद ठेवा, लग्नाच्या गर्दीत नेऊ नका, गोठ्यातलं काम करू देऊ नका.

दुखणं सोसायचं असतं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं मानतात. कॅन्सरचं दुखणं सोसू नका. साध्या गोळीने भागत नसेल तर मॉर्फिनची गोळी असते, परवानगी असलेल्या दवाखान्यातून मिळते, आणि डॉक्टर सांगतील तशी घड्याळाच्या वेळेवर घेतली तर त्याचं व्यसन लागायची भीती फारशी नसते. दुखायला लागल्यावर घ्यायची नाही, दुखणं यायच्या आधी वेळेवर घ्यायची. तिच्याने संडास घट्ट होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या. गोळ्या कुलपात ठेवा. "आता काही करता येणार नाही, घरी न्या" असं कोणी म्हटलं, तर पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल हे तिथंच विचारा. त्यात दुखणं, उलटी, जखमेचा वास, श्वास, झोप या सगळ्यावर इलाज असतो. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. नागपुरात स्नेहांचल हे अशा रुग्णांसाठीचं केंद्र आहे.

जखमेला वास येत असेल तर घरची माणसं लांब बसायला लागतात. डॉक्टरकडून जखमेवर टाकायची मेट्रोनिडाझोलची पावडर किंवा जेल मागा, वास खूप कमी होतो. मग नातवंडं पुन्हा जवळ येतात.

इलाज संपल्यावर

तपासणीच्या तारखा चुकवू नका. पहिली दोन वर्षं त्या जवळजवळ असतात, कारण आजार परतायचा असला तर बहुधा याच काळात परततो. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि त्या दिवसांत वेचणीचं काही ठरवू नका. खर्रा सुटला पाहिजे, पेशंटचा आणि घरातल्या पोरांचाही. सोडायला मदत हवी तर 1800 11 2356 ही सरकारी क्विटलाइन आहे.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची आणि बायांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य विभागाकडून मोफत होते. आम्ही आशा त्यासाठीच घरोघरी फॉर्म भरतो, बीपी-शुगरचंही त्यातच असतं. फॉर्म भरताना "काही नाही, सगळं ठीक आहे" म्हणून आम्हाला दारातून परत पाठवू नका, पाच मिनिटं बसा आणि खरं सांगा. उपकेंद्रात तपासणीचा दिवस कधी आहे ते तुमच्या गावची आशा सांगेल. ज्या घरात एक पेशंट निघाला त्या घरातले बाकीचे सगळे त्या दिवशी या, आणि खर्रा खाणाऱ्याला पहिल्या नंबरात उभं करा.